दाराआडची जेवणं

कडूबाच्या उष्टावणाला त्याच्या मामाला बोलवायचं की नाही, यावरून शेषरावांनी घर डोक्यावर घेतलं होतं. उष्टावण म्हटलं की मामा आलाच. मामाच्या मांडीवर लेकरू, मामाच्या हातचा पहिला घास. हे काय शेषरावांना ठाऊक नव्हतं? पण यंदा त्यांना मामा नको होता.

"बोंडअळीवाल्याच्या हातचा घास माह्या नातवाच्या तोंडात जाऊ देनार नाही," ते ओट्यावर बसून, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

बोंडअळीवाला म्हणजे शंकरराव, सून राखीचे थोरले भाऊ. रोहिणखेडला त्यांचं कृषी केंद्र. बीटी कपाशीची पाकिटं शेषराव दरवर्षी त्यांच्याकडूनच आणत, यंदाही आणली होती, आणि यंदा धामणगाव बढ्याच्या शिवारात गुलाबी अळीनं एक बोंड धड ठेवलं नव्हतं. बाहेरून बोंड टवटवीत, फोडलं की आत अळी सासुरवाडीला आल्यासारखी पसरलेली. भाऊबीजेला शंकरराव आले, तेव्हा शेषरावांनी असली पाच-सहा बोंडं तबकात घालून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या पाकिटातला फराळ." शंकरराव उठून गेले ते गेलेच.

"त्यानं का अळी पाकिटात भरून देली होती?" गीताबाईंनी आतून विचारलं. नवऱ्याशी भांडायला त्या सहसा बाहेर येत नसत. आतूनच त्यांचा आवाज पुरे. "त्याच्या सोताच्या वावरात बी तेच झालं ना?"

"मंग त्यानं सोताच्या वावरात बसून रडावं. इथं कायले?"

कडूबाचा बाप प्रेम दोघांच्या मधे उभा होता. बापाच्या बाजूनं बोलावं तर बायको, बायकोच्या बाजूनं बोलावं तर बाप. त्यामुळे तो कायम बैलांच्या बाजूनं असे. "मी बैलायले पानी पाजून येतो," म्हणून तो सटकला.

शेवटी राखी बाहेर आली. सासऱ्यापुढे ती फार बोलत नसे, म्हणूनच ती उंबऱ्याशी दिसली की शेषराव गप्प बसत.

"मामाजी, दादा आला अन् ह्यानं खाल्लं, तर मंग तुमी दादाले पाह्यजे ते बोला," ती म्हणाली. "मले फक्त ह्यानं खाल्लेलं पाह्यचं हाये."

शेषरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "येऊ दे. पन मी त्याच्याशी बोलनार नाही."

"नका बोलू," आतून आवाज आला. "तेवढंच घर शांत राहीन."

राखीचं म्हणणं खोटं नव्हतं. मान-अपमान सगळा बाजूला राहिला, खरा प्रश्न एकच होता. वर्ष उलटून गेलं तरी कडूबाच्या तोंडातून पोटात एक शीत गेलेलं नव्हतं.

तो जन्माला आला तोच तोंडाला फेस घेऊन. मलकापूरच्या दवाखान्यात नर्सनं त्याच्या तोंडातून बारीक नळी घालून पाहिली, ती गळ्याखाली अडली. घुटी पाजायला दोन्हीकडच्या आज्या मधाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना तिनं अक्षरशः हाकलून लावलं. पोराची अन्ननळी जोडलेलीच नव्हती. वरचं टोक गळ्याखाली बंद, खालचं पोटापाशी बंद, मधे नुसती जागा. शेजारच्या नजीरनं आपली जीप काढली आणि राजूरचा घाट अशा बेतानं चढवला की मागं बसलेल्या शेषरावांनी ठाऊक होते तेवढे सगळे देव आठवले, शिवाय नजीरचेही. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पोराला आत नेलं, आणि बाहेर बाकावर बसल्या बसल्या गीताबाईंनी त्याचं नाव ठेवून टाकलं. कडूबा. "कडू म्हटलं की मरन बी तोंडात घालत नाही," त्या म्हणाल्या, आणि राखीनं मनात ठरवलेलं सुंदरसं नाव मनातच राहिलं.

तेव्हा मधलं अंतर फार होतं, टोकं जुळत नव्हती. म्हणून गळ्याला एक छोटं भोक ठेवलं, लाळ तिथून बाहेर यावी म्हणून, आणि पोटाला नळी बसवली, दूध तिथून जावं म्हणून. पोरगं वाढलं, जरा अंगानं भरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं जठरच वर छातीत ओढून गळ्याशी जोडलं. हे सगळं शेषरावांनी गावाला ठिबकच्या भाषेत समजावलं होतं: "नळी पुरत नसंन तर टाकीच वर सरकवाची." गाव मान डोलवी. ठिबक सगळ्यांनाच कळत होतं.

आता गळ्याचं भोक बुजलं होतं. एक्स-रेच्या फोटोत औषध वरून खाली सरळ उतरताना दिसलं होतं. रस्ता तयार आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तोंडानं भरवा. बसवून, मऊ, थोडं थोडं. चांगला खायला लागला की नळी काढून टाकू. पण लवकर शिकवा, या वयात राहून गेलं तर पुढं फार जड जातं. राखी रोज भरवायला बसे आणि रोज उठे. उष्टावण अजून झालं नाही, मामाच्या हातचा घास मिळाला नाही, म्हणून तो खात नसेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. शिकलेली बाई होती, बारावी पास. पण हरलेल्या माणसाला कशाचाही आधार चालतो.

*

शंकरराव आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिशात चांदीची वाटी आणि मागं आई तानाबाई. जीपमधून उतरताना त्यांनी आधी ओट्याकडे पाहिलं. शेषराव ओट्यावरच होते, आणि आभाळात काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं तसे वर बघत होते.

दिवाळीपासून शंकररावांच्या दुकानाच्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी किडकं बोंड आणून आपटत होतं. तोंडावर बोलणारे कमी, पण बोंड ठेवून निघून जाणारे पुष्कळ. स्वतःच्या वावरातली कपाशी त्यांनी रोटाव्हेटर फिरवून मोडली, ते बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आज या घरात फक्त एवढं व्हावं, त्यांना वाटत होतं, की भाच्यानं आपल्या हातचा घास घ्यावा. मग मान वर करून जाता येईल.

भिंतीपलीकडे नजीरच्या अंगणात धूर चालला होता. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्ट्या गीताबाईंच्या हातच्या, जागा नजीरच्या बायकोची, मुबीनाची. यंदा जाळायला कपाशीच्या पऱ्हाट्यांना तोटा नव्हता. पाहुण्यांचं जेवण शेजारी, हे शंकररावांना जरा चमत्कारिक वाटलं, पण या घरची तीच रीत होती. कडूबासमोर कुणी जेवत नसे. शेषराव गोठ्यात जेवत, प्रेम वावरात, बाया मधलं दार लावून. आल्या पाहुण्याला चहासुद्धा गोठ्याच्या आडोशाला मिळे.

पाटावर मामा बसले, मांडीवर कडूबा. पोरगं गुटगुटीत नव्हतं, पण तरतरीत होतं. गळ्यावर बोटभर वण, टपोरे डोळे, आणि मामाच्या खिशातला पेन काढायचा उद्योग. राखीनं चांदीच्या वाटीत मऊ भात, वरणाचं पाणी आणि तुपाचा थेंब कालवून दिला. भूक असावी म्हणून सकाळचं नळीचं दूध मुद्दाम मागं ठेवलं होतं.

"आ कर, माह्या राजा," शंकररावांनी चमचा पुढं केला.

कडूबानं चमच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. जेवण आलं आहे हे त्याला कळलं. त्यानं दोन्ही हातांनी आपलं झबलं वर उचललं आणि पोट पुढं काढलं.

शंकरराव चमचा तसाच धरून बसले. "हे काय?"

"इथून दे म्हनते तो," नजीर हसत म्हणाला. हसणारा तो एकटाच, म्हणून मुबीनानं त्याला कोपरानं ढोसलं.

"भूक लागली की असंच करते," प्रेम खाली बघत म्हणाला.

शंकररावांनी दुसऱ्यांदा चमचा नेला, तिसऱ्यांदा नेला. कडूबाचे ओठ घट्ट. पोट मात्र पुढं, आणि चेहऱ्यावर असा भाव, की एवढा मोठा माणूस, याला नळी दिसत नाही का?

"आना इकडे," ओट्यावरून आवाज आला. शेषरावांना आता राहवेना. "नजीर, त्यायले म्हनावं, लेकरू माह्याजवळ द्या. ज्याच्या हाताले अळी लागते त्याच्या हातानं कोन खाईन?"

"नजीरभाऊ," शंकरराव उठत म्हणाले, "काकाजीले सांगा, हे घ्या. पाहू द्या त्यायचा हात."

मधे नजीर, दोन्हीकडे मान फिरवून दमला. "मी जीप चालवतो भाऊ, टपाल नाही," तो म्हणाला.

शेषरावांनी नातवाला मांडीवर घेतलं, जिभेनं टकटक आवाज काढला, मिशा हलवल्या. झबलं पुन्हा वर. शेषरावांनी बोटानं भाताचं एक शीत त्याच्या ओठाला लावलं. चिखल उडावा तसं कडूबानं ते मनगटानं पुसून काढलं आणि आजोबांच्या बोटाकडे नाराजीनं पाहिलं.

शेषरावांचा चेहरा उतरला. शंकररावांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"त्या अळीले कोन शिकवलं बे खायाले?" शेषराव कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले. "तिले बीटी बी पचली. अन् आमच्या पोराले भात उतरत नाही."

"तुमी धाक दाखवता त्याले," तानाबाई म्हणाल्या. "मिशा हालवता अंगावर."

"धाक कोन दाखवला, ईनबाई?" गीताबाई पदर खोचत पुढं आल्या. "तुमच्या पोरानं चमचा असा धरला जसा फवारा मारून राह्यला."

"आन् तुमी वर्षभर काय केलं? सुईनं दूध घातलं पोटात. मंग त्याले वाटंनच ना."

"डॉक्टरीननं सांगतलं होतं ते."

"बस झालं, आत्याबाई," राखी सासूला म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण सगळे थांबले. तिनं मुलाला उचलून आपल्या आईच्या पुढ्यात ओसरीवर बसवलं. "आई, ह्याले पाह्य जरा. मी दूध कोमट करून आनते." आणि ती आत गेली. आत जाऊन दूध चुलीवर ठेवायला तिला बराच वेळ लागला, कारण आधी ती भिंतीला टेकून रडली.

*

तानाबाईंना साखरेचा आजार. गोळी घेतल्यावर पोटात काही गेलं नाही की त्यांचे हात थरथरत. रोहिणखेडहून निघताना त्यांनी गोळी घेतली होती, वाटलं होतं उष्टावण झालं की लगेच पंगत. इथं पंगतीचा पत्ता नाही. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं धपाटं काढलं आणि तिथंच, ओसरीवर, नातवाच्या समोर खायला सुरुवात केली.

गीताबाई नेमक्या तेव्हाच भांडं न्यायला आल्या. समोरचं दृश्य बघून त्यांच्या हातातलं भांडंच निसटलं.

"ईनबाई, लेकरासमोर?" त्या धावल्या आणि आपला पदर पसरून दोघांच्या मधे उभ्या राहिल्या.

"मंग कोनासमोर खाऊ? चक्कर येऊन राह्यली मले."

"आत जा ना. दार लावून खा. आमच्या घरात कोनी खात नाही त्याच्यासमोर."

"काऊन?"

का? गीताबाईंना तो दिवस जसाच्या तसा दिसत होता. गळ्याला भोक असतानाचा. डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, नळीनं दूध देताना तोंडातही दोन थेंब घालत जा, गळ्यातून बाहेर आलं तरी येऊ द्या, चव कळेल, गिळायला शिकेल. राखीनं चार दिवस केलं. तोंडात घातलेलं दूध गळ्यातून ओघळे, फडकं भिजे, आणि आल्यागेल्या बाया बघत. गीताबाईंना ते पाहवेना, त्यांनीच बंद करायला लावलं. मग एकदा प्रेम भाकर खात होता, कडूबा समोर. पोरानं नुसतं पाहिलं, तोंडाला पाणी सुटलं, आणि ते पाणी गळ्यातून टपटप गळायला लागलं. प्रेम ताटावरून उठला. गीताबाईंनी त्या दिवशी सांगितलं: आपण खायचं आणि त्यानं बघायचं, हे पाप या घरात होणार नाही. तेव्हापासून मधलं दार लागायला लागलं, ते अजून लागत होतं.

हे सगळं त्यांनी तानाबाईंना सांगितलं. तानाबाई ऐकत होत्या, चावत होत्या.

तेवढ्यात पदर हलला. कडूबा खालून रांगत आला होता. तो आजीच्या मांडीला धरून उभा राहिला आणि तिच्या हलणाऱ्या गालावर त्यानं पंजा ठेवला. गाल हलला की त्याचे डोळे मोठे होत. तानाबाईंनी घास गिळला, तर त्यानं त्यांचा खालचा ओठ ओढून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. तो जरा विचारात पडला. मग त्यानं आजीचं लुगडं पोटापाशी ओढायला सुरुवात केली.

"अरे अरे," तानाबाई लुगडं सावरत हसायला लागल्या. "काय पाह्यतो रे मेल्या?"

"नळी पाह्यते तो," गीताबाई म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि खालीच बसल्या. हसू येता येता राहिलं. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळत होतं.

"त्याले वाटते सगळ्यायलेच नळी हाये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानं कोनाले जेवताना पाह्यलंच नाही, ईनबाई. तोंडानं जेवतात हेच ठाव नाही त्याले. आमी पाहूच देलं नाही."

मघाशी दोघी विहिणी एकमेकींचे केस धरायच्या बेतात होत्या. तानाबाईंना बोलायला ही चांगली संधी होती, आणि एरवी त्यांनी ती सोडली नसती. पण त्यांनी उरलेल्या धपाट्याचे दोन तुकडे केले आणि एक गीताबाईंच्या हातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे तोंड करून खा."

गीताबाईंनी नातवाकडे तोंड केलं. धपाटं चोरी केल्यासारखं तोंडाशी नेलं. त्यांनी चावा घेतला. कडूबानं तानाबाईंना सोडलं आणि या नव्या चमत्काराकडे वळला. गीताबाई रडत होत्या आणि चावत होत्या, आणि पोरगं त्यांच्या गालावर हात ठेवून खिदळत होतं.

मग मात्र बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि जो आवाज आतूनसुद्धा पुरत असे तो बाहेरून लावला. "प्रेम, ए प्रेम. नजीरच्या घरचे वरणाचे-भाजीचे गंज इकडे आन. पंगत इथं बसंन, आंगनात. मधलं दार उघडा. अन् तुमी," हे शेषरावांना, "ओट्यावरून उतरा. आज सगळ्यायनं इथं जेवाचं. त्याच्या डोळ्यासमोर."

*

भिंतीवरून गंज पलीकडून अलीकडे आले. नजीरनं वरणाचा धरला, प्रेमनं भाजीचा, आणि मुबीना बट्ट्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन फाटकातून आली. वर्षभरात या अंगणात ताटांचा आवाज झाला नव्हता. नजीरची शेळीसुद्धा भिंतीवरून डोकवायला लागली.

गीताबाईंनी पंगत गोल बसवली आणि मधे सतरंजीवर कडूबा. जागा त्यांनीच नेमल्या. शेषराव आणि शंकरराव शेजारी शेजारी, कारण म्हणे दोघांचीही तोंडं मोठी, लांबून दिसतात. दोघांनी एकमेकांकडे न बघता बट्टी कुस्करली.

"चावा," गीताबाईंनी फर्मावलं. "नीट दिसंन असं चावा."

शेषराव चावायला लागले. शंकररावही. दोघे समोरच्या न्यायाधीशाकडे डोळे लावून, जबडे गोल फिरवत, ईर्ष्येला पेटल्यासारखे. कडूबा उठला, धडपडत शेषरावांपाशी गेला, गालावर हात ठेवला, मिशी वर करून पाहिलं. मग शंकररावांपाशी. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर वरणाचा पंजा उमटला.

"शंकरराव," शेषराव तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "घास लहान घ्या. त्याले वाटंन एवढं मोठं खा लागते."

शंकररावांचा घास अर्ध्यात थांबला. भाऊबीजेनंतर हा पहिलाच शब्द. "हो, काकाजी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "पुढच्या साली मका पाहू का आपन? माह्या वावरात मी मोडली कपाशी."

"मोडली?" शेषरावांनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "कव्हा?" उत्तराची वाट न बघता त्यांनी आपल्या ताटातली वांग्याची फोड त्यांच्या ताटात टाकली. "खा. मंग बोलू."

कडूबाची फेरी चालूच होती. नजीरचं तोंड तपासलं, मुबीनाचं तपासलं, बापाच्या दाढीत बोटं घातली. हसत होता, टाळ्या वाजवत होता. पण त्याचे स्वतःचे ओठ मिटलेलेच. लोकांची ही गंमत त्याला पसंत होती. आपला तिच्याशी काही संबंध असेल असं त्याला वाटत नव्हतं.

राखी दाराशी उभी होती, हातात कोमट दुधाचं भांडं.

"तू बस," गीताबाई म्हणाल्या. ताट वाढलेलं होतं.

"मी मागून जेवीन, आत्याबाई."

"बस म्हनते ना."

राखी बसली. मुलाला जन्म दिल्यापासून ती बसून जेवली नव्हती. चुलीशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, चार घास कोंबायचे आणि तोंड धुऊन बाहेर यायचं. वास राहू नये म्हणून ती बडीशेपसुद्धा खायची नाही. बाकीच्यांनी दार लावलं ते गीताबाईंनी सांगितलं म्हणून. तिनं लावलं ते स्वतःहून, सगळ्यांच्या आधीपासून. तो उपाशी असताना आपल्या घशाखाली अन्न उतरतं, याचीच तिला लाज वाटायची. आता तो समोर उभा होता, दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर, आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. आज त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली होती. आईचं राहिलं होतं.

तिनं वरणभाताचा घास उचलला. हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

"खा व बाई," प्रेम म्हणाला. सगळ्यांसमोर बायकोशी तो असं कधी बोलत नसे. "खा. तो वाट पाहून राह्यला."

राखीनं घास तोंडात घातला. चावला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी चावत राहिली.

कडूबा हसला नाही. त्यानं गालावर हात ठेवला नाही. तो अगदी जवळ आला, नाकाला नाक लागेल इतका, आणि बोट तिच्या ओठांतून आत घातलं. आतला मऊ भात त्याच्या बोटाला लागला. त्यानं बोट बाहेर काढलं, पाहिलं, आणि आईच्या तोंडाकडे बघत बघत ते स्वतःच्या तोंडात घातलं.

शेषरावांचा जबडा तसाच उघडा.

कडूबाचा चेहरा आंबट झाला. जीभ हलली. मग एकदम ठसका लागला, तो लाल झाला, आणि राखीनं त्याला धरायला हात टाकले.

"पाठीवर मारू नोको, सरळ बसव," प्रेम म्हणाला. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य त्यानं इतक्यांदा घोकलं होतं की त्यांच्याच स्वरात म्हणाला. "ठसका येईन म्हनल्या होत्या त्या. येऊ दे. थांब."

ठसका थांबला. गळ्यावरचा वण एकदा वर गेला आणि खाली आला. कडूबानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, झबलं वर करून नळी तपासली. तिथून काही आलेलं नव्हतं. मग त्यानं झबलं सोडून दिलं आणि तोंड उघडलं.

"आ करून राह्यला," तानाबाई पुटपुटल्या. "ईनबाई, आ करून राह्यला तो."

शंकररावांचा हात बाजूला ठेवलेल्या चांदीच्या वाटीकडे गेला, पण शेषरावांनी तो धरून ठेवला. "राहू द्या, शंकरराव," ते कानाशी लागून म्हणाले. "मामाचा बी नाही, आजाचा बी नाही. तिचा मान हाये आज."

राखीनं बोटाच्या पेरावर भात घेतला, त्याच्या तोंडात घातला. गेला. अजून एकदा. थोडा गेला, थोडा हनुवटीवर आला. तिसऱ्यांदा कडूबानं स्वतःच ताटात मूठ घातली, तोंडात कोंबली, चावायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा लाळेसकट सगळा गोळा ताटात परत थुंकला, राखीच्या भातावर, अगदी मधोमध. आणि खूश होऊन टाळी वाजवली.

मुबीना हसली, नजीर हसला, मग सगळं अंगणच हसायला लागलं. शेषराव तर असे हसले की त्यांना ठसका लागला आणि शंकररावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

राखीचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिला भूक लागली होती. वर्षभराची भूक एकदम लागावी तशी लागली होती. ती जेवायला लागली. कडूबाच्या तोंडात एक पेर, आपल्या तोंडात एक घास, असं चाललं होतं, आणि तिनं ताटातला तो लाळेचा गोळाही भातात कालवला आणि खाल्ला.

"अवं, दुसरं वाढते ना," गीताबाई डोळे पुसत पुढं झाल्या. "उष्टं हाये ते."

राखीनं ताट आपल्याकडे ओढून धरलं.

"हो, आत्याबाई," ती म्हणाली. "माह्या लेकराचं हाये."